सावळ्या त्वचेवर हात ठेवण्याआधी : कोकणात पार्लरचे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कोकणात आता बाजारपेठ असलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एखादे ब्यूटी पार्लर असते, आणि ते चालवणारी मुलगी बहुधा काही महिन्यांचा वर्ग पूर्ण करून थेट कामाला लागलेली असते. त्या वर्गात थ्रेडिंगचा दोरा कसा धरायचा आणि वॅक्सची पट्टी कोणत्या दिशेने ओढायची हे नीट शिकवले जाते. परंतु समोर बसलेल्या बाईची त्वचा कोणत्या प्रकारची आहे, तिला काय सोसवेल आणि काय सोसवणार नाही, हे क्वचितच शिकवले जाते. हा लेख त्या राहून गेलेल्या भागासाठी आहे. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण सगळे काम तिच्यावर उभे आहे : गोऱ्या त्वचेला उन्हाची भीती अधिक असते आणि सावळ्या त्वचेला डागाची. आपल्याकडच्या त्वचेला जिथे जिथे दाह होतो, तिथे तिथे ती काळी पडते. म्हणून दाह होऊ न देणे हेच आपल्या कामाचे पहिले कौशल्य आहे.

पहिली पायरी : रंग कुठून येतो हे समजून घेणे

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिनचे जे बारीक कण तयार करतात त्यांच्यात. गडद त्वचेत हे कण मोठे असतात, एकेकटे विखुरलेले असतात आणि सावकाश नष्ट होतात. उजळ त्वचेत ते लहान असतात, पुंजक्यांनी राहतात आणि लवकर विरतात. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात आणि उन्हातले अतिनील किरण अडवतात. १९७९ साली अमेरिकेत झालेल्या एका मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचे संरक्षण सुमारे १३ एसपीएफ (उन्हापासून किती पट संरक्षण मिळते त्याचे माप) इतके आणि गोऱ्या त्वचेचे सुमारे ३ इतके भरले होते. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

हेच मेलॅनिन आपल्या कामात अडचणीचेही ठरते. मुरूम, डासाचा चावा, वॅक्सचा चटका, नखाने ओढलेला ओरखडा, यांपैकी कशानेही आत दाह झाला की मेलॅनोसाइट उत्तेजित होतात, जास्त मेलॅनिन तयार करतात, आणि जखम भरून गेल्यावरही डाग मागे राहतो. डाग वरच्या थरात असेल तर तो तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका पडतो. मेलॅनिन खालच्या थरात उतरले असेल तर तो राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षे जात नाही.

त्वचेच्या इतर गुणांबद्दल, म्हणजे कोणाच्या त्वचेतून पाणी जास्त उडून जाते किंवा कोणाची त्वचा अधिक संवेदनशील असते याबद्दल, वंशागणिक बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा ‘अमक्यांची त्वचा नाजूक, तमक्यांची राकट’ असे कोणी ठामपणे सांगितले तर त्यावर काम बेतू नये.

दुसरी पायरी : आडनावावरून नव्हे, त्वचेवरून ओळखणे

आपल्या किनाऱ्यावर किती तऱ्हेची माणसे राहतात हे आपल्याला सवयीने जाणवत नाही. हर्णैच्या बंदरावर उन्हात मासळी विकणारी कोळीण, घाऱ्या डोळ्यांची आणि उजळ वर्णाची चित्पावन मुलगी, रायगडच्या डोंगरउतारावरची कातकरी बाई, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि ज्यांनी जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत राज्य केले त्या सिद्दी समाजातली बाई, रत्नागिरीच्या आंबाबागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली सून, आणि तारकर्लीला सुट्टीसाठी आलेली परदेशी पाहुणी, या सगळ्या एकाच पार्लरच्या खुर्चीवर बसू शकतात. तरीही समाजाच्या नावावरून त्वचा ठरवणे चूक आहे. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एक उन्हात लाल होते आणि दुसरी केवळ रापते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

त्वचारोगतज्ज्ञ यासाठी फिट्झपॅट्रिक यांची श्रेणी वापरतात. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ साली मांडली, ती सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांना प्रकाशोपचाराची मात्रा किती द्यावी हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला त्यात चारच प्रकार होते आणि तपकिरी व काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. पहिल्या प्रकारची त्वचा उन्हात नेहमी पोळते आणि कधीच रापत नाही. सहाव्या प्रकारची सहसा पोळतच नाही. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येते, काहींची तिसऱ्या किंवा सहाव्या प्रकारात.

प्रकार ओळखण्यासाठी चेहरा पाहू नका, कारण चेहऱ्याने वर्षानुवर्षे ऊन खाल्लेले असते. ग्राहकाला हात वर करायला सांगा आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू पाहा. तो तिचा जन्माचा रंग. नंतर मनगटाची वरची बाजू त्याच्याशेजारी धरा. दोन्हींत जितका फरक, तितकी ती त्वचा रापणारी, आणि तितकीच डाग धरणारी असण्याची शक्यता. उन्हात बसून व्यवसाय करणाऱ्या बाईच्या बाबतीत हा फरक इतका असतो की हात दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत.

मग प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. उन्हात गेल्यावर त्वचा आधी लाल होऊन चुरचुरते की सरळ काळवंडते? डास चावल्याचा डाग किती दिवस राहतो? आठवड्याभरात जात असेल तर काळजी थोडी. तीन-चार महिने राहत असेल तर ही त्वचा डाग धरते असे समजावे. कान किंवा नाक टोचल्यावर तिथे गाठ आली होती का, किंवा घरात कोणाला अशी गाठ आहे का? जखमेपेक्षा मोठी वाढणारी ही गाठ म्हणजे केलॉइड. ते गडद त्वचेत अधिक आढळते, कानाची पाळी, छाती, खांदे आणि जबडा या जागी विशेषतः होते, आणि ज्यांना ते होते त्यांचे कान पार्लरमध्ये टोचू नयेत. मुरमांसाठी कोणती गोळी किंवा मलम चालू आहे का? काजू, बिब्बा, मेंदी, टिकली, केसांचा रंग यांपैकी कशाने कधी अंगावर आले आहे का? हे सगळे विचारायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी पायरी : लाली दिसणार नाही, हे लक्षात ठेवणे

नवशिक्यांना सर्वांत महत्त्वाचे सांगायचे ते हे. ब्लीच, पील (त्वचेचा वरचा थर सोलणारे रसायन), गरम वॅक्स यांच्या पाकिटांवर ‘त्वचा लाल झाल्यास लगेच धुवून टाका’ असे लिहिलेले असते. उजळ चेहऱ्यावर ही सूचना उपयोगी पडते. सावळ्या चेहऱ्यावर मेलॅनिनच्या थराखाली रक्तवाहिन्या रुंदावल्या तरी लाली वर दिसत नाही; दिसते ती फक्त किंचित गडद, जांभळट छटा, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीही दिसत नाही. लाली दिसेपर्यंत थांबलात तर तोपर्यंत दाह होऊन गेलेला असतो, आणि त्याचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांनी, ग्राहक घरी असताना, उमटतो.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हाताची मागची बाजू तिच्या गालाला आणि मग कपाळाला लावून पाहा. दाह असलेला भाग गरम लागतो. बोटांनी त्वचा किंचित ताणून पाहा. सूज आली असेल तर ती घट्ट आणि चकचकीत वाटते. आणि दर दोन मिनिटांनी विचारा : “काकी, झोंबतंय का? खाज येतेय का?” आपल्याकडच्या बायका सोसायच्या सवयीमुळे ‘नाही गं, थोडंसंच’ म्हणतात. थोडेसे झोंबते असे उत्तर आले तरी क्रीम उतरवा आणि गार पाण्याने धुवा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ खुर्ची ठेवून काम करण्याची सवय लावून घेतली तर बरेच काही वेळेवर दिसते.

कोरडेपणाही गडद त्वचेवर वेगळा दिसतो. नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. पांढरी रेघ उमटून राहिली तर त्वचा कोरडी आहे. अशी त्वचा राखाडी, धुळकट दिसते आणि लोक ती अस्वच्छ समजून घासत सुटतात. तिला घासणे नको, ओलसर अंगावर लावलेले साधे मॉइश्चरायझर हवे. थंडीत पाय फुटतात तेव्हा कोकमाच्या बियांचे घट्ट तेल टाचांना लावण्याची आपल्याकडची रीत उत्तम आहे; अंगाला खोबरेल तेलही चांगले. मुरमे येणाऱ्या चेहऱ्याला मात्र दोन्ही लावू नयेत.

चौथी पायरी : एकेका कामाची मात्रा ठरवणे

कोणतेही नवे उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडेसे लावून एक ते दोन दिवस थांबावे. केसांच्या रंगासाठी आणि काळ्या मेंदीसाठी तर हे टाळूच नये, कारण त्यांतल्या पीपीडी या द्रव्याने येणारी अ‍ॅलर्जी तीव्र असते आणि सावळ्या त्वचेवर तिचे काळे वळ दीर्घकाळ राहतात.

ब्लीचबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरची लव सोनेरी करते आणि त्यामुळे चेहरा उजळल्यासारखा भासतो. त्वचेचा मूळ रंग त्याने बदलत नाही. गव्हाळ चेहऱ्यावर हा भास बरा दिसतो, पण गडद चेहऱ्यावर सोनेरी लव उलट उठून दिसते, आणि वर अमोनियाने दाह होण्याचा धोका असतोच. डाग धरणाऱ्या त्वचेला ब्लीच न करण्याचाच सल्ला द्यावा असे माझे मत आहे. करायचेच असेल तर पाकिटावर दिलेल्या वेळेपैकी सर्वांत कमी वेळ ठेवा, अ‍ॅक्टिव्हेटर अंदाजाने न घालता मोजून घाला, आणि त्याच दिवशी त्याच जागी थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा स्क्रब करू नका.

वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तुम्हाला ते कोमट वाटले पाहिजे, गरम नव्हे. एका जागी दोनदा पट्टी ओढू नका, राहिलेले केस चिमट्याने काढा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी किंवा अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन यांसारखे मलम चालू असेल तर चेहऱ्यावर वॅक्स अजिबात नको, कारण अशी त्वचा पातळ झालेली असते आणि पट्टीबरोबर सोलून निघते. ज्यांचे केस कुरळे आणि राठ असतात त्यांच्या हनुवटीखाली उपटलेला किंवा मुळाशी कापलेला केस आत वळून पुटकुळ्या येतात आणि त्यांचे काळे ठिपके राहतात. तिथे केस उपटण्यापेक्षा थोडे लांब ठेवून कापणे बरे. लेझरने कायमचे केस काढण्याबद्दल ग्राहक विचारतीलच. लेझरचा प्रकाश मेलॅनिनमध्ये शोषला जातो, त्यामुळे गडद त्वचा भाजू शकते. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेझर तिच्यासाठी अधिक सुरक्षित मानले जाते, आणि ते काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच व्हायला हवे.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे चेहऱ्याला लावण्याचे घरगुती उपाय पूर्णपणे बंद करायला सांगा. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की तिथे फोड येऊन काळे ओघळ उमटतात.

नवरीच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नका : लग्नाच्या आधीच्या दहा दिवसांत तिच्या चेहऱ्यावर काहीही नवीन करायचे नाही. जे करायचे ते महिनाभर आधी करून पाहावे, म्हणजे काही बिघडले तर भरून यायला वेळ मिळतो.

पाचवी पायरी : ऊन आणि पाऊस

कोकण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. मार्च ते मे या काळात इथले ऊन अतिशय तीव्र असते, आणि कोरडी वाळू व लाटांचा फेस अतिनील किरण परतवून खालूनही चेहऱ्यावर टाकतात. हलक्या ढगांतून बहुतेक किरण आरपार येतात, तेव्हा आभाळ भरून आले म्हणजे धोका टळला असे नाही.

सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरज नाही हा समज चुकीचा आहे. सुरकुत्या तिच्यावर उशिरा येतात हे खरे, परंतु वांग आणि जुने डाग उन्हाने गडद होतात. शिवाय चौथ्या प्रकारापासून पुढच्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही काळेपणा वाढवतो, आणि तो नेहमीच्या सनस्क्रीनने अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. गडद चेहऱ्यावर ते झिंक ऑक्साइडसारखे पांढरट दिसत नाही, हा दुसरा फायदा. एसपीएफ ३० किंवा अधिक, यूव्हीए या अतिनील किरणांसाठी पाकिटावरच्या ‘पीए’ या मापापुढे तीन अधिक चिन्हे, चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम, आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा. मासळी विकणाऱ्या किंवा बागेत राबणाऱ्या बाईला हे परवडणार नाही किंवा घामाने टिकणार नाही. तिला पदर, इरले, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा उपयोग सांगा. तो कोणत्याही क्रीमइतकाच खरा उपाय आहे.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, जांघेत आणि कमरेला गजकर्ण होते, छाती-पाठीवर शिबं येतात. सावळ्या अंगावर शिबं पांढुरकी दिसतात आणि घरचे लोक कोड समजून घाबरतात. ही बुरशी आहे आणि तेलकट, दमट अंगावर ती फोफावते, तेव्हा तिथे मालिश करू नये. बुरशी असलेल्या जागी वॅक्स, स्क्रब, पेडिक्युअर काहीही करू नका, आणि वापरलेली अवजारे व टॉवेल उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका.

सहावी पायरी : ‘टॅन’ समजून घासू नये असे डाग

मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांची बोटे पाहा : टोकांची कातडी सोललेली, नखांभोवती काळी, काही ठिकाणी कडक. काजूच्या टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते आणि ते त्वचा भाजते. आंबा आणि बिब्बा याच कुळातले, म्हणून आंब्याच्या चिकानेही काहींच्या ओठांभोवती फोड येऊन काळे वर्तुळ राहते. असे हात मॅनिक्युअरसाठी पुढे आले तर स्क्रब बाजूला ठेवा, खोबरेल तेल लावून द्या, आणि पुढच्या वेळी सोलताना हातमोजे घालायला किंवा निदान आधीच हाताला भरपूर तेल लावायला सांगा.

मानेच्या मागे मखमलीसारखा जाड, काळा पट्टा असेल तर तो मळ नसतो. वजन जास्त असणाऱ्यांत आणि मधुमेहाच्या वाटेवर असणाऱ्यांत तो दिसतो. रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगा. टिकलीखाली पांढरा डाग दिसला तर टिकलीच्या चिकटद्रव्यातल्या रसायनाने तो आलेला असू शकतो. टिकली लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

सातवी पायरी : ‘गोरी करून द्या’ या मागणीला उत्तर

ही मागणी रोज येईल, आणि बऱ्याचदा ती मुलीच्या आईकडून किंवा होणाऱ्या सासूकडून येईल. त्यांच्यासमोर त्या मुलीला कमी लेखणारा एकही शब्द बोलू नका. जाहिरातींत सावळ्या रंगाला हिणवू नये असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ सालीच केला आहे. पार्लरच्या खुर्चीला तो का लागू नसावा? सांगायचे ते सरळ सांगा : “मावशी, जन्माचा रंग कोणाला बदलता येत नाही. डाग कमी होतील, चेहरा नितळ दिसेल, ते आपण करू.”

आठवड्यात गोरे करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड किंवा पारा निघतो. स्टेरॉइडने पहिले काही दिवस चेहरा खरोखर उजळतो. मग त्वचा पातळ होते, मुरमे व केस वाढतात, आणि क्रीम बंद करताच चेहऱ्याची आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पाऱ्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाऱ्याचा वापर रोखण्यासाठी झालेल्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारात पारायुक्त सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० ही अखेरची मुदत होती. डबीवर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी पार्लरमध्ये ठेवूच नका, कितीही मागणी असली तरी.

आठवी पायरी : कोणाला पुढे पाठवायचे

वाढणारा वांग, सहा महिन्यांत न गेलेला डाग, संवेदना नसलेला फिकट चट्टा आणि वारंवार येणारे गजकर्ण हे सारे त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचे. संवेदना नसलेला चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, एवढे शांतपणे सांगावे.

पेडिक्युअर करताना तळपाय आणि नखे नीट पाहा. गडद त्वचेच्या माणसांना त्वचेचा कर्करोग कमी होतो, पण मेलॅनोमा हा त्याचा घातक प्रकार झालाच तर तो बहुतेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. नखांवर काळसर रेघा सावळ्या माणसांत सामान्य असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत चाललेली आणि नखाच्या मुळाशी कातडीवर पसरलेली रेघ, किंवा तळपायावर वाढत जाणारा वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग दिसला, तर नेलपॉलिश लावून तो झाकू नका. काम तिथेच थांबवा, ग्राहकाच्याच मोबाइलवर त्याचा फोटो काढून द्या, आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.